निळी पडलेली त्वचा आणि चांदीचे नॅनोकण : फिलाडेल्फियातील तीन माणसांची गोष्ट

सोरायसिससारख्या हट्टी, दाहक त्वचारोगावर चांदी-सोन्याच्या नॅनोकणांचा लेप! अशा प्रयोगांच्या बातम्या 'भविष्यातील उपचार' या मथळ्याखाली येतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो. चांदीचे नॅनोकण औषधात येऊन सव्वाशे वर्षे उलटली आहेत. ते एकदा घरोघरी पोहोचले, बदनाम झाले आणि मागे पडले. आजचा धागा त्या पहिल्या फेरीविषयी.

सुरुवात १८८९ ची, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातली. मॅथ्यू कॅरी ली हे छायाचित्रणाच्या रसायनांचे अभ्यासक. त्या काळचे छायाचित्र म्हणजे चांदीचे क्षार आणि प्रकाश यांचा खेळ. सिल्व्हर नायट्रेटवर लोहाचा क्षार आणि सायट्रेट यांची क्रिया घडवून त्यांनी एक चमत्कारिक पदार्थ मिळवला : पाण्यात 'विरघळणारी' चांदी. तिचे रंगही अनेक. कधी पिवळी, कधी लाल, कधी निळसर हिरवी. काचेवर वाळवली की थेट सोन्यासारखी झळाळणारी.

कार्बनची जशी हिरा आणि ग्रॅफाइट ही दोन रूपे, तशीच ही चांदीची निराळी रूपे, असा निष्कर्ष ली यांनी काढला. तो चुकीचा होता. चांदी विरघळलेली नव्हतीच. तिचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत होते आणि सायट्रेटचे आवरण त्यांना एकमेकांना चिकटू देत नव्हते. पुढच्या काळातील मोजमापानुसार या कणांचा व्यास सुमारे ७ ते ९ नॅनोमीटर भरतो, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण दहा हजारावा भाग. स्पष्टीकरण चुकले, कृती अचूक निघाली. विज्ञानाच्या इतिहासात असे वरचेवर घडते.

ली १८९७ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी जर्मनीतील ड्रेस्डेनचे शल्यचिकित्सक बेन्नो क्रेडे यांनी अशीच कलिल चांदी रुग्णांसाठी पुढे आणली. चांदी त्यांच्या घरातच होती म्हणा ना! नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालून अंधत्व टाळण्याची पद्धत रूढ करणारे लाइपझिगचे कार्ल क्रेडे हे त्यांचे वडील. मुलाने केलेले मलम रक्तदोषाच्या रुग्णाच्या निरोगी त्वचेवर चोळले जाई. त्वचेवाटे चांदी रक्तात उतरेल, ही अपेक्षा. 'कोलार्गोल' या नावाने हे औषध प्रसिद्ध झाले.

आता पुन्हा फिलाडेल्फिया. तेथील अल्बर्ट बार्न्स या वैद्यकाची पदवी घेतलेल्या तरुणाने जर्मन रसायनतज्ज्ञ हेरमान हिले यांच्यासह १९०२ च्या सुमारास 'अर्जिरॉल' बाजारात आणले. हे चांदी आणि प्रथिन यांचे मिश्रण. सिल्व्हर नायट्रेट डोळ्यांना झोंबे, हे झोंबत नसे. पेटंट घेतले तर कृती जाहीर करावी लागते, म्हणून बार्न्स यांनी पेटंटच घेतले नाही. पैसा मात्र अमाप मिळाला. त्यातून त्यांनी रेन्वार, सेझान, मातीस यांची चित्रे विकत घेतली आणि १९२२ मध्ये बार्न्स फाउंडेशन स्थापन केले. त्या भिंतींवरचे रंग एका अर्थी चांदीच्या थेंबांतून उतरले आहेत.

पण चांदी दुसरीकडेही रंग भरत होती. नाकात, घशात, पोटात वर्षानुवर्षे चांदीची औषधे घेणाऱ्या काही माणसांची त्वचा निळसर राखाडी पडू लागली. या विकाराचे नाव अर्जिरिया. शरीरात गेलेली चांदी त्वचेत साठते आणि तिथे पोहोचणाऱ्या प्रकाशाने काळवंडते; म्हणून चेहरा आणि हात सर्वांत गडद. ज्या रसायनाचा अभ्यास ली छायाचित्राच्या काचेवर करत होते, तेच आता जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर घडत होते. हा रंग बहुधा आयुष्यभर जात नाही. वेदना नाही, ताप नाही. पण आरशात रोज दिसणारा, लोकांनी वळून पाहावा असा चेहरा.

या रुग्णांची पद्धतशीर नोंद करणारा 'अर्जिरिया' हा ग्रंथ १९३९ मध्ये विल्यम हिल आणि डोनाल्ड पिल्सबरी यांनी प्रसिद्ध केला. पिल्सबरी हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ, म्हणजे फिलाडेल्फियाचेच. एकाने कण घडवले, दुसरा त्यांच्या औषधावर श्रीमंत झाला, तिसऱ्याने हिशेब मांडला. पुढच्या दशकात पेनिसिलिन आले आणि पोटात घेण्याच्या चांदीचे दिवस सरले. भाजलेल्या जखमांवर मात्र ती सिल्व्हर सल्फाडायझिनच्या मलमातून १९६० च्या दशकाअखेर परतली.

दाहावरचे संशोधन त्यानंतरचे. रुमानियातील क्लुज येथील संशोधकांनी २०१४ मध्ये एल्डरबेरीच्या, तर २०१८ मध्ये जर्मनीतील सहकाऱ्यांसह कॉर्नस मास या आंबट लाल फळाच्या अर्कातून धातूंचे नॅनोकण तयार केले. फळातील पॉलिफेनॉल धातूला कणरूप देतात आणि त्या कणांभोवती आवरणही घालतात. ली यांच्या कृतीत यातील आवरणाचे काम सायट्रेट करत होते. सोरायसिसच्या चट्ट्यांवर हा लेप लावल्यावर तेथील मॅक्रोफेज पेशींमधील एनएफ-कप्पा-बी हा दाहाचा कळीचा दुवा मंदावला आणि दाह पेटवणारी टीएनएफ-अल्फासारखी द्रव्ये घटली, असे त्यांना आढळले. हे काम प्राथमिक टप्प्याचे आहे. प्रस्थापित उपचारांच्या रांगेत हा लेप अजून नाही.

क्रेडे यांना चांदी त्वचेच्या पार जायला हवी होती. या लेपाला ती त्वचेतच, दाहाच्या जागी हवी आहे. आणि तिथेच ती साठली, तर काय होते हे १९३९ च्या ग्रंथात लिहिलेले आहे. म्हणून अशा लेपाबद्दल पहिला प्रश्न 'गुण येतो का' एवढाच राहत नाही. सोरायसिसचा रुग्ण औषध वर्षानुवर्षे लावतो, तेव्हा किती चांदी आत उरते, हेही मोजावे लागते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्ये चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या कलिल चांदीच्या औषधांना सुरक्षित व परिणामकारक मानण्यास नकार दिला. पूरक आहार म्हणून तिच्या बाटल्या तिथे आजही विकल्या जातात.