आरसी.डीची कुळकथा

संगणक सुरू होताना कर्नल आधी मेमरीत येतो, तो 'इनिट' हा पहिला प्रोसेस उठवतो आणि इनिट 'आरसी' नावाची शेल स्क्रिप्ट चालवतो. डिस्क तपासायची, फाइलसिस्टिम जोडायच्या, नेटवर्क उभं करायचं, मग एकेक सेवा चालू करायची, ही सगळी कामं या स्क्रिप्टकडे. बर्कली विद्यापीठातल्या युनिक्समध्ये, म्हणजे बीएसडीत, आरसी ही एक सलग फाइल होती. त्या युनिक्सच्याच वंशातून 386बीएसडी निघाली आणि 1993 साली तिच्यातून दोन प्रकल्प वेगळे झाले : नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी. दोघांच्या वाट्याला हीच जुनी आरसी आली.

ती वाचायला सोपी होती. वरून खाली वाचत गेलं की यंत्र कसं उठतं ते कळायचं. पण एकच सेवा बंद करून पुन्हा चालू करायची झाली, तर त्या फाइलमध्ये तिची ओळ शोधून, तिचे पर्याय बघून, हातानं आज्ञा टाइप करावी लागे. बाहेरून आणलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरला नेटवर्क आल्यानंतर पण इतर सेवांच्या आधी सुरू व्हायचं असेल, तर मूळ फाइलमध्येच हात घालणं भाग पडे. आणि सिस्टिमची पुढची आवृत्ती आली की ते बदल नव्या फाइलमध्ये पुन्हा बसवत बसायचं.

एटीअँडटीच्या सिस्टिम फाइव्ह युनिक्समध्ये यावर वेगळा तोडगा होता. प्रत्येक सेवेची निराळी स्क्रिप्ट आणि तिच्या नावाआधी दोन आकडी क्रमांक. क्रमांक लहान तर सेवा आधी. सोय मोठी होती, पण क्रमांकामागचं कारण कुठेच लिहिलेलं नसे. एखादी सेवा पंचविसावर का आणि तिसावर का नाही, हे ज्यानं ठरवलं त्यालाच ठाऊक. शिवाय रनलेव्हलची, म्हणजे यंत्राच्या चालण्याच्या क्रमांकित अवस्थांची, उतरंड होती, ती बीएसडीवाल्यांना कधीच रुचली नाही.

नेटबीएसडीनं दोन्हींतलं चांगलं तेवढं उचललं. 6 डिसेंबर 2000 रोजी आलेल्या नेटबीएसडी 1.5 मध्ये आरसी.डी ही निर्देशिका होती, तिच्यात प्रत्येक सेवेची स्वतंत्र स्क्रिप्ट होती, आणि क्रमांक एकही नव्हता. त्याऐवजी स्क्रिप्टच्या माथ्यावर टिपणासारख्या दोन-तीन ओळी होत्या. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचडी या सेवेचं उदाहरण घ्या. 'प्रोव्हाइड'समोर एसएसएचडी, म्हणजे ही स्क्रिप्ट काय पुरवते. 'रिक्वायर'समोर लॉगिन, म्हणजे तिच्याआधी काय झालेलं असायला हवं. कुणाच्या आधी धावायचं असेल तर 'बिफोर'. आरसीऑर्डर हा छोटा प्रोग्रॅम सगळ्या स्क्रिप्टांच्या या ओळी वाचतो आणि अवलंबित्व पाहून क्रम लावतो. सुरू करणं, थांबवणं, चालू आहे की नाही ते सांगणं, हा सर्वांना लागणारा भाग आरसी.सबर या फाइलमध्ये एकदाच लिहिला, त्यामुळे साध्या सेवेची स्क्रिप्ट दहा-पंधरा ओळींत संपते. आरसीऑर्डरवर मॅथ्यू ग्रीन आणि पेरी मेट्झगर यांची नावं आहेत. ही पद्धत उभी करण्यात पुढाकार होता ल्यूक म्यूबर्न यांचा. 2001 च्या यूसनिक्स परिषदेत त्यांनी तिच्या रचनेवर निबंध वाचला. मला या रचनेत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की क्रमाचं कारण स्क्रिप्टच्या आतच लिहिलेलं असतं. दहा वर्षांनी आलेल्या नव्या माणसालाही ते वाचता येतं.

फ्रीबीएसडीला नवी पद्धत हवीच होती. स्वतःची लिहायला त्यांच्याकडे माणसं होती, तरी त्यांनी चुलतभावाची घेतली. 2001 मध्ये नेटबीएसडीच्या स्क्रिप्टा फ्रीबीएसडीच्या भांडारात आल्या. माइक मॅकॉनन हे फ्रीबीएसडीसाठीचे बदल सांभाळत होते. गॉर्डन टेटलो यांनी जून 2002 मध्ये ते मुख्य झाडात मिसळले. कामाचं बोलीतलं नाव होतं आरसीएनजी, म्हणजे नव्या पिढीची आरसी. जानेवारी 2003 च्या फ्रीबीएसडी 5.0 मध्ये ती लोकांच्या हाती पडली. 4.x ची मालिका जुन्या आरसीवरच राहिली.

सुरुवातीला इरादा नुसतं घेण्याचा नव्हता, एकच स्क्रिप्ट दोन्हीकडे चालावी असा होता. म्हणून स्क्रिप्टांच्या 'कीवर्ड' ओळीत फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी अशी दोन्ही नावं असत, आणि सुरू होताना सिस्टिम आपलं नाव असलेल्याच स्क्रिप्टा निवडे. पण सवयी निराळ्या होत्या. सेवा चालू ठेवायची तर नेटबीएसडीच्या आरसी.कॉन्फमध्ये सेवेचं नुसतं नाव लिहून त्यापुढे 'येस' म्हणायचं. फ्रीबीएसडीत नावाला '_एनेबल' असं शेपूट जोडायचं. एवढ्याशा फरकासाठी आरसी.सबरमध्ये 'सेट_आरसीव्हार' हे फंक्शन लिहावं लागलं : कोणत्या सिस्टिमवर आहोत ते पाहायचं आणि त्याप्रमाणे चलाचं नाव बनवून द्यायचं. फायलींच्या आतही 'फ्रीबीएसडी असेल तर हे, नेटबीएसडी असेल तर ते' अशा फांद्या वाढत गेल्या. आपल्याकडे कधीच न चालणारी फांदी तपासायची कुणी? ऑक्टोबर 2004 मध्ये फ्रीबीएसडीनं त्या कीवर्डची सक्ती काढली. सेट_आरसीव्हार तेवढं मागं उरलं. प्रत्येक स्क्रिप्ट यंत्र उठताना ते नाव नव्यानं बनवून घेई आणि त्यात वेळ जाई, म्हणून 2012 मध्ये स्क्रिप्टांत चलाचं नाव सरळ लिहिलं गेलं.

सामाईक फाइल टिकली नाही, तरी घेण्याचा निर्णय बरोबरच होता असं माझं ठाम मत आहे. प्रोव्हाइड, रिक्वायर, आरसीऑर्डर आणि आरसी.सबर हा गाभा दोन्हीकडे आजही तोच आहे. एकीकडची स्क्रिप्ट दुसरीकडच्या माणसाला सहज वाचता येते. घेतलेल्या कोडवरचं मूळ नावही पुसलं गेलेलं नाही : फ्रीबीएसडीच्या आरसी.सबरच्या माथ्यावर नेटबीएसडी फाउंडेशनचा स्वामित्वहक्क आणि म्यूबर्न यांचा उल्लेख तसाच आहे. बीएसडी परवान्याची तशी अटच आहे, आणि ती पाळली गेली.

2003 मध्ये मॅट डिलन यांनी फ्रीबीएसडी 4 वरून ड्रॅगनफ्लाय बीएसडी वेगळी काढली, तेव्हा तिच्याकडे जुनीच आरसी होती. तिनं आरसीएनजी फ्रीबीएसडी 5 मधून आणली. म्हणजे नेटबीएसडीचं काम दोन घरं ओलांडून तिसऱ्या घरी पोचलं. खुद्द नेटबीएसडीतून निघालेल्या ओपनबीएसडीनं मात्र ते घेतलं नाही. 2011 च्या 4.9 आवृत्तीत तिनं स्वतःची, बरीच लहान आरसी.डी लिहिली. तिच्यात आरसीऑर्डर नाही. मूळ सेवांचा क्रम आरसी फाइलमध्येच ठरलेला असतो.

तुमच्याकडे फ्रीबीएसडी किंवा नेटबीएसडीचं यंत्र असेल, तर आरसीऑर्डरला आरसी.डीतल्या सगळ्या फायली देऊन एकदा चालवून पाहा. तो काहीही सुरू करत नाही, फक्त क्रम छापतो. मग त्यातली कुठलीही एक स्क्रिप्ट उघडा आणि ती त्या जागी का आली ते तिच्या माथ्यावरच्या ओळींत शोधा.