चौक, अक्षर आणि आवाज

आयर्लंडमधील मध्ययुगीन सचित्र धर्मग्रंथांच्या अभ्यासात अक्षर व चित्र यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न कळीचा ठरतो. इ. स. 800 च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘बुक ऑफ केल्स’ या वासराच्या कातड्यावरील ग्रंथात, मॅथ्यूच्या शुभवर्तमानातील ख्रिस्तनामाची आद्याक्षरे जवळजवळ संपूर्ण पृष्ठ व्यापतात. मठवासीयांना मजकूर परिचितच असल्याने अक्षराला येथे प्रतिमेचे रूप घेता आले.

डहाणू-तलासरी परिसरातील वारल्यांचा लग्नचौक हे याच संबंधाचे दुसरे टोक होय. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. अक्षर कोठेही नाही. शब्द आहे तो लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या कंठात. म्हणजे चौक आणि गीत मिळूनच येथे संहिता सिद्ध होते, आणि तिच्या दोन्ही अंगांचे कर्तृत्व स्त्रियांकडे आहे.

अक्षराचा हा अभाव इतिहासनिरपेक्ष मानता येत नाही. वारल्यांच्या जीवनात अक्षर आले ते प्रामुख्याने सावकाराच्या कागदातून. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी राबणारा ‘लग्नगडी’ हा त्याच कागदाचा बंदी होता. 1945 मध्ये झरी येथील सभेपासून गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला लढा या वेठबिगारीविरुद्ध होता. ज्या लग्नाने माणूस गहाण पडे, त्याच लग्नाच्या भिंतीवर पालघट देवी अवतरत होती, हे लक्षात घेतल्याखेरीज चौकाचा अन्वयार्थ पुरा होत नाही.

1970 नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून हे चित्र कागदावर आले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे (1934–2018) यांनी त्याला विधीबाहेरचे स्वतंत्र आशयविश्व दिले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या स्थित्यंतराने वारल्यांना प्रतिष्ठा व उपजीविका दिली, हे निर्विवाद आहे. मात्र कागदावर चित्र आले, गीत आले नाही; आणि कर्तृत्वाचे श्रेय मुख्यतः पुरुषांच्या नावे नोंदले गेले.

केल्सची अलंकृत पृष्ठे मजकुरापासून तोडून छापली, तरी मूळ ग्रंथ डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात उरतो. चौक भिंतीबरोबर पुसला जातो आणि पुढच्या लग्नात स्मरणातून पुन्हा उमटतो. त्याची मूळ प्रत म्हणजे हे स्मरणच. म्हणून वारली चित्राची समीक्षा केवळ आकृतिबंधाची करणे म्हणजे अर्धी संहिता वाचणे होय. उरलेली अर्धी धवलेरीच्या आवाजात ऐकावी लागते.