पुलाआधी मार खाणारं फेंडर

पुलाचं उद्घाटन कुणी केलं हे सगळ्यांना आठवतं. त्याच्या फेंडरकडे कुणाचंच लक्ष नसतं.

आपल्याकडे जेटीला होडी लावताना कडेला जुने टायर टांगतात ना, तेच काम फेंडरचं. खांबाभोवती लाकडाचे किंवा पोलादाचे खुंट, त्यावर रबर. बोट आपटली तर धक्का आधी त्याने खायचा. मोडणं हेच त्याचं काम, म्हणून ते बदलत राहावंच लागतं.

एक गोष्ट आपण विसरतो. खाडीतली वाट आधी होड्यांची आणि तरींची होती, खांब नंतर आले. जानेवारी 2013 मध्ये भरकटलेला बार्ज पांबनच्या रेल्वे पुलावर आदळला. तो पूल 1914 चा. अमेरिकेत बाल्टिमोरचा पूल 1977 चा. त्यानंतर जहाजं वाढत गेली, पण खांबांचं संरक्षण त्या मानाने वाढलं नाही. 26 मार्च 2024 ला वीज गेलेलं जवळपास 300 मीटर लांबीचं 'दाली' जहाज खांबावर आदळलं आणि पुलावर काम करणारे 6 कामगार गेले.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे एवढी जहाजं? बरोबर. पण आपल्या खाड्यांतही वल्ह्यांच्या होड्यांसोबत यांत्रिक नौका आल्या, पर्यटकांच्या बोटी आल्या. कर्ली आणि कालावल खाडीत वाळूच्या होड्या आहेत. आणि खारं पाणी कुणाला सोडत नाही. शेजारी पणजीचा मांडवी पूल 5 जुलै 1986 ला कोसळला, तो बोटीच्या धडकेने नव्हे. काँक्रीटच्या आतल्या तारा गंजल्या होत्या. लोक पुन्हा फेरीबोटीवर आले. नवा पूल 1992 मध्ये सुरू झाला. जे पाणी काँक्रीटमधल्या तारा खातं, ते फेंडरचे बोल्ट सोडेल काय?

माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक पुलाला मोठं फेंडर लागत नाही. पण जिथे बोटी जातात तिथे खांबांची पाहणी ओहोटीला, पाण्याखालीही व्हावी. फेंडर बदलण्याचा खर्च दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात वेगळा दिसावा. आणि ही जबाबदारी बांधकाम खात्याची की बंदर खात्याची, ते धडक बसायच्या आधी कागदावर ठरावं.

पुढच्या ग्रामसभेत हा प्रश्न विचारा. फीत कापायला सगळे येतात, फेंडर बदलायला आपणच मागे लागावं लागेल.