चौऱ्याऐंशी फुटांचा गाळा

मोरा बंदरात ओहोटीला गाळ उघडा पडला की भाऊच्या धक्क्याच्या लाँचचे वेळापत्रक आजही कोलमडते. उरणला लोकल पोहोचली ती १२ जानेवारी २०२४ रोजी. तोवर मुंबई गाठायची तर अनेकांची भिस्त याच पाण्यावर होती. बंदराला मिळणाऱ्या खाडीच्या वरच्या टोकाला, ठाण्याला, रेल्वेची गाठ या पाण्याशी पावणेदोनशे वर्षांपूर्वीच पडली.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला थांबली. पुढे खाडी होती. जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी ती दोन पुलांनी ओलांडली. जुन्या वर्णनांत त्यांची लांबी १११ आणि १९३ यार्ड दिली आहे. तीस फुटी बावीस दगडी कमानी, आणि मुख्य प्रवाहावर ८४ फुटांचा लोखंडी गाळा.

या बावीस कमानी एकाच पुलाच्या की दोन्हींच्या मिळून? आकडेच सांगतात. मोठा पूल ५७९ फुटांचा, तर बावीस कमानींनाच ६६० फूट लागतात. म्हणजे त्या दोन्ही पुलांत वाटलेल्या असणार. एकूण लांबी ९१२ फूट. त्यातून कमानी आणि लोखंडी गाळा मिळून ७४४ फूट वजा केले, तर खांब आणि टोकाच्या भिंतींना १६८ फूट उरतात. एकवीस खांब धरले तर प्रत्येकी जेमतेम आठ फूट, तेही टोकाच्या भिंती न मोजता. हिशेब जमतो, म्हणून मी या वर्णनावर विश्वास ठेवतो.

लोखंडी गाळ्याचे कारण नावांची ये-जा. तीस फुटी कमानीखालून डोलकाठीचे गलबत न्यायचे म्हणजे जिकिरीचे काम. म्हणून भर प्रवाहात खांब न रोवता घडीव लोखंडाच्या पत्र्यांची पेटीसारखी पोकळ तुळई टाकली. हे पोलाद नव्हे. स्वस्त पोलादाची बेसेमरची पद्धत १८५६ची, तर पूल त्याआधीचा. नव्या वाहनाने जुन्या वाहनाची वाट राखली, ही मला या बांधकामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. उद्घाटनाच्या वर्णनांत तिला क्वचितच जागा मिळते.

पूल ओलांडला की पारसिकचा डोंगर आडवा येई. तिथे दोन बोगदे खोदले आणि १ मे १८५४ला गाडी कल्याणला पोहोचली.