चची भाषा : क्रियापदविचार

चची भाषा ही मराठी मुलांनी खेळातून घडवलेली सांकेतिक बोली. शब्दातले पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि सुरुवातीला ‘च’ लावायचा, एवढाच तिचा नियम. ‘तुझं नाव काय’चे ‘चझंतु चवना चयका’ होते. ‘मी’सारख्या एकाक्षरी शब्दाला नुसता ‘च’ चिकटतो. तिला स्वतःचे क्रियापदच नाही, सगळी क्रियापदे मराठीची, असा आक्षेप घेता येतो आणि तो खराही आहे. लिंग, वचन, पुरुष, काळ यांतले काहीच ती टाकत नाही. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये मांडलेल्या एस्परांतो या कृत्रिम भाषेत वर्तमानाला ‘-आस’, भूताला ‘-इस’, भविष्याला ‘-ओस’ हे प्रत्यय असून कर्ता कोणीही असला तरी ते बदलत नाहीत. तिथे मुद्दाम सोपेपणा आणला आहे. मुलांना मात्र सोपेपणा नको असतो, बाहेरच्याला कळू नये एवढेच हवे असते.

तरीही क्रियापद जसेच्या तसे राहते, असे म्हणता येणार नाही. मराठीत आधी धातू ऐकू येतो, मग प्रत्यय. इथे गेली, आली, केली, दिली यांची ‘चलीगे, चलीआ, चलीके, चलीदि’ अशी रूपे होतात. कर्ता किंवा कर्म स्त्रीलिंगी आहे आणि काळ भूत आहे, हे आधी समजते. काय घडले ते शेवटच्या अक्षराला. नियम अक्षर मोजतो, धातू ओळखत नाही, म्हणून ‘बसतो’मधला ‘बस’ तुटून ‘चसतोब’ होते. ‘समजली’चे तर ‘चमजलीस’ होते आणि शेवटचा ‘स’ थेट ‘तू जेवलीस’मधल्या ‘स’सारखा वाजतो. सरावलेला कान तिथे फसत नाही, कारण शेवटचे अक्षर मुळात पहिले, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. निव्वळ आवाजाची उलथापालथ म्हणून ही बोली बाजूला सारता येत नाही, ती यामुळेच.

कोल्हापूरकडची रूपे घेतली की ही बोली मूळ मराठीतले काहीच टाकत नाही, हे अधिक स्पष्ट होते. ‘मी जेवायलोय’चे ‘चमी चवायलोयजे’ होईल आणि त्यातला ‘-आयलोय’ गाव सांगून टाकेल. या भागात बायकाही ‘मी आलो’ म्हणतात; शेजारच्या कन्नडमध्येही ‘नानु बंदे’ स्त्री-पुरुष दोघांचे एकच. त्यामुळे कोल्हापूरची मुलगीही ‘चमी चलोआ’च म्हणणार, पुण्याची ‘चमी चलेआ’.