द्राक्षमळ्यांच्या वाटेवरील तीर्थे

फ्रान्स म्हटले की आपल्या धर्मग्रामांतील श्रद्धाळू कुटुंबांच्या डोळ्यांपुढे लूर्द उभे राहते. रोम, फातिमा, लूर्द हा यात्रेचा त्रिकोण आता इतका रूढ झाला आहे की त्याबाहेर पाऊल टाकण्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. गोडदेव आणि आसपासच्या काही कुटुंबांनी मिळून आम्ही फ्रान्सला जाण्याचे योजिले, तेव्हा मात्र आम्ही नकाशावर बोट ठेवले ते त्या देशाच्या पूर्वभागातील द्राक्षमळ्यांच्या प्रदेशावर. इंग्रज त्याला बर्गंडी म्हणतात, फ्रेंच लोक बूर्गोन्य. ही वार्ता पसरताच एका ज्येष्ठांनी विचारले, ‘‘अरे, देवदर्शनाला चाललात की दारू प्यायला?’’ प्रश्न रोखठोक होता आणि रास्तही होता. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ज्या समाजाने पाहिली आहेत, त्या समाजात तो विचारलाच गेला पाहिजे. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे इतिहासात शिरावे लागते.

प्रथम आपल्या घरातूनच निघू. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर नाही असे कॅथलिक घर आपल्याकडे विरळाच. भिंतीवर ती तसबीर, खाली लाल दिवा आणि संध्याकाळी तिच्यासमोर म्हटली जाणारी जपमाळ हे चित्र लहानपणापासून आपल्या अंगवळणी पडलेले आहे. ही भक्ती ज्या गावातून आजच्या रूपात जगभर गेली, ते पारे-ले-मोनियाल गाव बर्गंडीतच आहे. संत मार्गारेट मेरी अलाकोक हिचा जन्मही याच प्रांतातला, १६४७ सालचा. १६७१ मध्ये ती पारे येथील व्हिजिटेशन मठात दाखल झाली आणि १६७३ ते १६७५ या काळात तिला प्रभूच्या हृदयाची दर्शने घडली. मठातील काहींना ती भ्रमिष्ट वाटे. तिच्यावर विश्वास ठेवून तिला धीर दिला तो १६७५ मध्ये त्या गावी आलेल्या क्लोद ला कोलोंबिएर या येशूसंघीय धर्मगुरूने. मार्गारेट मेरी १९२० मध्ये संतपदाला पोहोचली, तर तिच्या या आध्यात्मिक मार्गदर्शकाला त्यासाठी १९९२ पर्यंत थांबावे लागले. पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये पवित्र हृदयावर परिपत्रक लिहिले, तेव्हा या दर्शनांची साडेतीनशे वर्षांची ज्युबिली चालू होती.

याच प्रदेशाच्या पश्चिम टोकाला नेव्हेर आहे. लूर्दला जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंपैकी कितीजणांना ठाऊक असते की संत बर्नादेतचा देह लूर्दला नाही? १८६६ मध्ये ती नेव्हेरच्या मठात धर्मभगिनी होण्यासाठी निघून गेली आणि पुन्हा कधीही लूर्दला परतली नाही. १८७९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ती तेथेच निवर्तली. तिचा देह आजही त्या मठाच्या प्रार्थनामंदिरात काचेच्या पेटिकेत आहे.

आता द्राक्षमळ्यांकडे वळू. या मळ्यांचा इतिहास मोठ्या प्रमाणात मठांचा इतिहास आहे. इ. स. ९१० मध्ये क्लूनीचा बेनेदिक्ती मठ स्थापन झाला. १०९८ मध्ये सीतो येथे अधिक कठोर जीवनाच्या ओढीने काही संन्याशांनी नवा मठ उभारला आणि त्यातून सिस्टर्शियन संघ जन्मला. पुढे दीजोंजवळच्या एका सरदार घराण्यातील बर्नार्ड नावाचा तरुण आपल्या भावांना व सोयऱ्यांना घेऊन तेथे आला आणि त्या संघाचा युरोपभर विस्तार झाला. मिस्सेसाठी द्राक्षारस लागतो, पाहुण्यांच्या सरबराईसाठी लागतो, आजाऱ्याला लागतो. म्हणून मठ तेथे मळा असे समीकरणच झाले. सीतोच्या बंधूंनी बाराव्या शतकापासून वूझो येथे मळा वाढवला आणि त्याभोवती दगडी भिंत घातली. हा सुमारे ५० हेक्टरांचा, म्हणजे सव्वाशे एकरांच्या आसपासचा मळा क्लो द वूझो या नावाने आजही ओळखला जातो. कोणत्या तुकड्यात पाणी साचते, कोठे दहिवर उशिरा वितळते, कोणत्या उतारावरचा घड आधी पिकतो, याची पारख अशा मळ्यांतून पिढ्यान्पिढ्या होत गेली. त्यातूनच प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नाव पडले. अशा तुकड्याला तेथे ‘क्लिमा’ म्हणतात. २०१५ मध्ये युनेस्कोने बर्गंडीच्या या क्लिमांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा त्यांची संख्या १,२४७ नोंदली गेली.

येथे आम्हा गोडदेवकरांना थबकावेसे वाटते. जमिनीच्या तुकड्याला नाव असणे ही काही फ्रान्सची मिरास नव्हे. साष्टीच्या प्रत्येक गावात शेताला, खाजणाला, बांधाला, मिठागराला नाव होते आणि वृद्धांच्या तोंडी ते असे. आता त्या जागी इमारती आहेत आणि इमारतींना दिलेली नावे भलतीच आहेत. १९८५ मध्ये येथे नगरपालिका आली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. एवढ्या माणसांना निवारा मिळाला, याबद्दल आकस धरण्याचे कारण नाही. पण सातबाऱ्यावरचे नाव गेले की शेताचे नावही जाते, हे आपण फार उशिरा ओळखले.

बर्गंडीवरही असा घाला आला होता, हे विसरून चालणार नाही. नोव्हेंबर १७८९ मध्ये क्रांतिकारी सभेने ख्रिस्तसभेची मालमत्ता राष्ट्राची म्हणून जाहीर केली आणि मठांचे मळे लिलावात निघाले. क्लूनीचे महामंदिर, जे रोमचे नवे संत पीटर मंदिर बांधले जाईपर्यंत ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठे होते, ते विकले गेले. त्याचे दगड पुढील कित्येक वर्षे खाणीतल्यासारखे काढून नेण्यात आले. आज त्याचा जेमतेम दहावा हिस्सा शिल्लक आहे. वसईच्या किल्ल्यात छप्पर नसलेल्या चर्चांच्या भिंतींमध्ये जो उभा राहिला आहे, त्याला क्लूनी परके वाटणार नाही. पुढे समान वारसाहक्काच्या कायद्याने मळ्यांचे तुकडे पडत गेले. वूझोच्या त्या एकाच भिंतीआड आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने मुळे पोखरून वेली मारल्या, तेव्हा अमेरिकन खुंटावर फ्रेंच काडीचे कलम बांधून मळे पुन्हा उभे करावे लागले. मालक बदलले, मुळे बदलली. तुकड्यांची नावे मात्र टिकली, कारण बाटलीवर तेच नाव लागते आणि त्या नावालाच किंमत येते. नावाच्या जपणुकीत हा व्यवहारही आहे, हे मान्य केलेले बरे.

खुंट-कलमाची ही गोष्ट आमच्या नाशिककडच्या सोयऱ्यांना नवी नाही. तेथेही डॉगरिजच्या खुंटावर द्राक्षाचे कलम बांधतात. मात्र तेथे वेलीला वर्षातून दोन छाटण्या लागतात : एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी. बर्गंडीत हिवाळ्यात वेल झोपी जाते, म्हणून मुख्य छाटणी एकच. फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने १९८० च्या दशकात नारायणगावजवळ फेसाळ वाइन होऊ लागली आणि पुढे नाशिक जिल्ह्याने या धंद्यात नाव काढले. ज्यांना परदेशाचा खर्च झेपणारा नाही, त्यांनी फेब्रुवारीत तोडणीच्या दिवसांत नाशिकला जाऊन यावे.

ज्येष्ठांच्या प्रश्नाला सर्वांत सरळ उत्तर कदाचित बोन गावाच्या रुग्णालयात मिळेल. इंग्लंडशी चाललेले दीर्घ युद्ध, लुटारूंच्या टोळ्या आणि उपासमार यांनी प्रदेश गांजलेला असताना, ४ ऑगस्ट १४४३ रोजी बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर निकोला रोलॅं आणि त्याची पत्नी गिगोन द सालॅं यांनी गरिबांसाठी ते स्थापिले. १ जानेवारी १४५२ रोजी पहिला रुग्ण आत आला. गरिबांच्या त्या दीर्घ दालनात दोन्ही भिंतींशी खाटांच्या रांगा आहेत आणि टोकाला प्रार्थनामंदिर आहे. रुग्णाने खाटेवर पडल्या पडल्या मिस्सा ऐकावी अशी ती रचना. लोकांनी मृत्युपत्रांद्वारे या रुग्णालयाला मळे दिले. आज ते सुमारे ६० हेक्टर आहेत. त्यांची वाइन १८५९ पासून जाहीर लिलावाने विकली जाते. हा लिलाव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो आणि त्याचे उत्पन्न आजही रुग्णसेवेला जाते. जुनी वास्तू १९७१ पर्यंत रुग्णालय म्हणून वापरात होती, आता तेथे संग्रहालय आहे.

द्राक्षारसाविषयी ख्रिस्तसभेची भूमिका नेमकी आहे. मिस्सेसाठी तो द्राक्षफळाचा, नैसर्गिक आणि न नासलेला असावा, असे १९८३ ची धर्मसंहिता सांगते. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तेव्हाही धर्मविधीसाठी लागणाऱ्या मद्याला परवानगीची तरतूद त्यात ठेवावी लागली. वेदीवरचा चषक आणि गुत्त्यातला पेला यांतला भेद कायद्यालाही करावा लागला तो असा.

राहिला प्रश्न केव्हा जावे याचा, आणि आमचे खरे वाद यावरच झाले. जानेवारीअखेर तेथे मळेकऱ्यांचा आश्रयदाता संत विन्सेंट याचा सण असतो. दरवर्षी नवे गाव यजमान होते आणि गावोगावच्या मंडळ्या आपापल्या संताची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणुकीत येतात. आजारी सभासदाच्या मळ्यातले काम इतरांनी करून द्यावे, ही या मंडळ्यांची जुनी रीत. आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेणाऱ्या आपल्या माणसांना हा सोहळा जवळचा वाटेल. पण त्या दिवसांत तेथील थंडी वृद्धांना सोसणार नाही. तोडणी सप्टेंबरच्या सुमारास, त्या वेळी मुलांच्या परीक्षा. आणि ती लांबली तर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचा आगेरा चुकायचा. शेवटी मे महिन्याचा उत्तरार्ध ठरला.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. त्याचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा आरोग्य विमा लागतो. पॅरिसहून वेगवान रेल्वेने दीजों दीड-पावणेदोन तासांवर, तेथून बोन अर्ध्या तासाच्या आत. बोननंतर क्लूनी, तिच्याजवळच सर्वपंथीय प्रार्थनेचे तेझे, मग पारे-ले-मोनियाल आणि अखेरीस नेव्हेर असा आमचा क्रम आहे. मे महिन्यात वेलींवर घड दिसणार नाहीत, याची कल्पना मुलांना दिली आहे. तेव्हा पालवी असेल आणि नशीब असेल तर महिनाअखेरीस बारीक, हिरवट फुलोरा. त्यानंतर तोडणीला साधारण शंभर दिवस लागतात.