पेसा ग्रामसभा (इगतपुरी तालुका)

अनुसूचित क्षेत्रातील गावाच्या मतदारांची सभा. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्याचा काही भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतो. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या समाजांची वस्ती येथे आहे.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला. मात्र अनुच्छेद २४३ड नुसार ती तरतूद अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू नव्हती. ही उणीव १९९६ च्या पेसा कायद्याने भरून काढली. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले.

या कायद्यानुसार स्वतःच्या रूढीप्रमाणे कारभार पाहणारा एखादा पाडाही स्वतंत्र गाव ठरू शकतो. गौण वनोपजाची मालकी, गावबाजार, सावकारी आणि मद्यविक्रीवरील नियंत्रण असे अधिकार ग्रामसभा व पंचायतींकडे येतात. विकासयोजनेला मंजुरी ग्रामसभाच देते.

भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक आहे. मुंबई-आग्रा महामार्ग, मध्य रेल्वे आणि समृद्धी महामार्ग या तालुक्यातून जात असल्याने या तरतुदीचे मोल येथे मोठे आहे.

आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. तो कशावर खर्च करायचा, हे ग्रामसभेत ठरते. म्हणून प्रत्येक मतदाराने सभेला हजर राहायला हवे.